संगणकाचा हातचा : मोठ्या संख्यांचे गणित यंत्र कसे करते?

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी वैद्यकीय विषयांवरील लेखांची रेलचेल असते. या वेळी वाट थोडी वाकडी करून ज्या यंत्रावर आपली प्रयोगशाळा, सोनोग्राफी, औषधाचे पंप आणि रुग्णांच्या नोंदी अवलंबून आहेत, त्याच्या पोटातील अंकगणिताकडे वळावे असे वाटले. संगणक कधी चुकत नाही, अशी एक समजूत आपल्या समाजात दृढ आहे. ती बव्हंशी खरीही आहे. परंतु संगणकाला मर्यादेपलीकडची संख्या दिली आणि ती मर्यादा आज्ञावली लिहिणाऱ्याने ध्यानात घेतली नसेल, तर तो अत्यंत शांतपणे, कोणताही गोंगाट न करता, चुकीचे उत्तर देतो. अशा एका चुकीने मनुष्याचा जीव गेल्याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात आहे. म्हणूनच हा विषय केवळ अभियंत्यांचा नाही, तो आपलाही आहे.

संख्येचे घर किती मोठे?

बुद्धिबळाच्या पटाची जुनी कथा सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेल्यास चौसष्ट घरांत मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. राजाचे कोठार रिते करणारी हीच संख्या आजच्या संगणकाची एका दमातली मर्यादा आहे, आणि हा योगायोग नव्हे. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये रजिस्टर नावाचे छोटे कप्पे असतात आणि आजच्या प्रोसेसरमध्ये अशा एका कप्प्यात चौसष्ट घरे असतात. प्रत्येक घरात एक किंवा शून्य, म्हणजे 'दाणे आहेत' किंवा 'दाणे नाहीत', एवढेच लिहिता येते. प्रत्येक घराची किंमत आधीच्या घराच्या दुप्पट. सर्व घरे भरली की वरील संख्या तयार होते. या घरांना 'बिट' म्हणतात.

पूर्वीच्या यंत्रांत हे कप्पे लहान होते. आठ बिटांच्या कप्प्यात ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात. सोळा बिटांत ६५,५३५ पर्यंत आणि बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत. ऋण संख्याही हव्या असतील तर निम्मी जागा त्यांना द्यावी लागते, म्हणून बत्तीस बिटांची धन मर्यादा २,१४,७४,८३,६४७ एवढीच उरते. आपला दहा आकडी मोबाइल क्रमांकसुद्धा बत्तीस बिटांत मावत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. तो बारा आकडी क्रमांक संख्या म्हणून साठवायचा, तर किमान चाळीस बिट लागतात.

मर्यादा ओलांडली की काय होते? जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखविणारा काटा आठवावा. ९९,९९९ नंतर तो १,००,००० दाखवीत नाही. पुन्हा ०००००वर येतो. गाडी मात्र तेवढीच चाललेली असते. संगणकाच्या कप्प्याचेही नेमके असेच घडते. याला 'ओव्हरफ्लो' म्हणतात.

आपल्या व्यवसायातील कल्पित उदाहरणे घेऊ. एखाद्या वजनकाट्याच्या आज्ञावलीत वजन ग्रॅममध्ये आणि सोळा बिटांच्या कप्प्यात साठविले आहे असे समजा. १,२५० ग्रॅमच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वजन त्यात उत्तम मावते. वाढत्या मुलांचेही मावते. परंतु त्याच काट्यावर ७० किलोचे गृहस्थ उभे राहिले तर ७०,००० मधून ६५,५३६ वजा होतात आणि काटा ४,४६४ ग्रॅम दाखवितो. म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या धष्टपुष्ट बाळाचे वजन! हे पाहून आपण हसू, कारण गृहस्थ डोळ्यांसमोर उभे आहेत. पण प्लेटलेटची मोजणी अशाच कप्प्यात ठेवली तर? दर मायक्रोलिटरला १,५०,००० ही निरोगी संख्या त्या कप्प्यात १८,९२८ अशी उमटेल. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ असताना तापाने फणफणलेल्या मुलाच्या अहवालावर १८,९२८ हा आकडा दिसला, तर कोणीही हसणार नाही. रक्तपेढीकडे धावाधाव सुरू होईल. सर्वांत धोकादायक चूक ती, जी संभाव्य दिसते.

हातचा

मग चौसष्ट बिटांहून मोठ्या संख्यांचे काय? येथे संगणक नवे काहीच करीत नाही. आपण मराठी शाळेत पहिली-दुसरीत जे शिकलो तेच करतो. आपल्याला एका वेळी एकच अंक लिहिता येतो, तरीही आपण कितीही लांब बेरीज करू शकतो. कशाच्या बळावर? हातच्याच्या बळावर.

एका कप्प्यात चारच अंक मावतात असे समजू. ५६७८ ९३२१ आणि १२३४ ४५६७ यांची बेरीज करावयाची आहे. प्रथम उजवीकडचे गट : ९३२१ अधिक ४५६७ म्हणजे १३८८८. यातील ३८८८ लिहायचे आणि हातचा एक. मग डावीकडचे गट : ५६७८ अधिक १२३४ अधिक हातचा १, म्हणजे ६९१३. उत्तर ६९१३ ३८८८. प्रोसेसरमध्ये हा हातचा ठेवण्यासाठी एक बिटाचे स्वतंत्र स्थान असते, त्यास 'कॅरी फ्लॅग' म्हणतात. शिवाय 'साधी बेरीज' आणि 'हातच्यासह बेरीज' अशा दोन वेगळ्या आज्ञा बहुतेक प्रोसेसरना समजतात. पहिल्या गटासाठी पहिली आज्ञा, पुढील प्रत्येक गटासाठी दुसरी. अशा रीतीने शंभर काय, लाख अंकांची बेरीजही होते. फरक एवढाच की आपला 'अंक' शून्य ते नऊ असतो, तर संगणकाचा 'अंक' बुद्धिबळाचा पट भरेल एवढा मोठा असतो.

गुणाकारात हातचा मोठा होतो. सात आठे छप्पन्न, सहा लिहून हातचे पाच. एका अंकाला एका अंकाने गुणले की उत्तर दोन अंकी येऊ शकते. त्याचप्रमाणे चौसष्ट बिटांना चौसष्ट बिटांनी गुणले की उत्तर एकशे अठ्ठावीस बिटांचे होऊ शकते. म्हणून प्रोसेसर ते उत्तर दोन कप्प्यांत विभागून ठेवतो : खालचा भाग लिहिण्यासाठी, वरचा भाग हातचा म्हणून.

या मर्यादेची सुंदर कसोटी आपल्याच मातीतील एका गणितज्ञाने आठ शतकांपूर्वी सिद्ध करून ठेवली आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या 'बीजगणित' या ग्रंथात चक्रवाल पद्धतीने असा प्रश्न सोडविला : कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळविल्यास पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ या जोडीचे आहे. या दोन्ही संख्या बत्तीस बिटांच्या कप्प्यात सुखेनैव मावतात. परंतु ताळा पाहण्यासाठी दुसरीचा वर्ग केला की ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ ही संख्या येते, आणि बत्तीस बिटांचा कप्पा फुटतो. उत्तर मावते, पण उत्तराचा पडताळा मावत नाही! चौसष्ट बिटांच्या यंत्रावर मात्र हा ताळा एका दमात जमतो. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हाच प्रश्न १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे.

चार गुणाकारांऐवजी तीन

शाळेतील पद्धतीचा दोष असा की संख्या दुप्पट लांब झाली की श्रम चौपट होतात. दोन अंकी संख्यांना चार लहान गुणाकार, चार अंकींना सोळा. यापेक्षा कमी श्रमात गुणाकार होणे नाही, असे मोठमोठ्या गणितज्ञांचे अनुमान होते. १९६० मध्ये मॉस्को येथे कोल्मोगोरोव्ह यांनी हे अनुमान चर्चासत्रात मांडले आणि कारात्सुबा या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आठवड्याभरात ते खोटे ठरविले.

४७ गुणिले ८६ घ्या. चार आठे बत्तीस. सात सक बेचाळीस. आता अंकांच्या बेरजा करा : ४ + ७ = ११, ८ + ६ = १४; त्यांचा गुणाकार १५४. त्यातून ३२ आणि ४२ वजा केले की ८० उरतात. मग ३२०० + ८०० + ४२ = ४०४२. चारऐवजी तीनच गुणाकार झाले, थोड्या बेरजा-वजाबाक्या वाढल्या. दोन अंकांना हा लाभ किरकोळ वाटेल. हजारो अंकांच्या संख्येत हीच बचत पायरीपायरीने गुणित होत जाते. आजही अनेक संगणकीय भाषा मोठ्या संख्यांसाठी हीच युक्ती वापरतात.

कंपायलर नावाचा दुभाषी

प्रोसेसरला केवळ शून्य आणि एक यांची भाषा समजते, तर आज्ञावली मनुष्य आपल्या सोयीच्या भाषेत लिहितो. या दोहोंमधील दुभाषी म्हणजे कंपायलर. तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू एकाच दवाखान्यात ऐकणाऱ्या आदिलाबादच्या डॉक्टरांना दुभाष्याचे महत्त्व सांगावयास नको. चांगला दुभाषी शब्द सांगत नाही, आशय सांगतो. आणि कधीकधी तेथेच घोटाळा होतो.

प्रथम दुभाष्याचे चातुर्य पाहू. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असलेले पातळ औषध आपण नित्य लिहितो. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बालकाला १५० मिलिग्रॅम द्यावयाचे तर १५० ला २५ ने भागण्याऐवजी आपण चारने गुणून दोन घरे मागे येतो : ६००, म्हणजे ६ मिलिलिटर. भागाकारापेक्षा गुणाकार सोपा. प्रोसेसरलाही भागाकार हे सर्वांत संथ काम वाटते. म्हणून बत्तीस बिटांच्या संख्येला दहाने भागावयाचे असेल, तर कंपायलर बहुधा भागाकाराची आज्ञा देतच नाही. तो त्या संख्येला ३,४३,५९,७३,८३७ ने गुणतो आणि उत्तर पस्तीस घरे मागे सरकवितो. उत्तर प्रत्येक वेळी बिनचूक येते. आपली चारने गुणण्याची युक्तीच त्याने मोठ्या प्रमाणावर योजिलेली असते.

आता घोटाळा पाहू. 'सी' ही भाषा यंत्रसामग्रीतील आज्ञावलींसाठी दीर्घकाळ वापरात आहे. या भाषेच्या नियमानुसार धन-ऋण संख्यांच्या बेरजेत ओव्हरफ्लो होता कामा नये. झाल्यास काय होईल याची भाषा हमी देत नाही. समजा, एखाद्या सावध अभियंत्याने लिहिले : 'दोन धन संख्यांची बेरीज पहिल्या संख्येपेक्षा लहान आली, तर धोक्याची घंटा वाजवा.' कंपायलर विचार करतो की धन संख्या मिळविल्यावर उत्तर लहान येणे नियमाप्रमाणे शक्यच नाही, मग ही तपासणी व्यर्थ आहे. तो ती ओळच गाळून टाकतो! केसपेपरवरील 'ॲलर्जी आहे का पाहा' ही सूचना, 'एवढ्या वर्षांत कोणाला झाली नाही' म्हणून खोडून टाकणाऱ्या मदतनिसासारखे हे झाले. त्याचा हेतू वेग वाढविण्याचा असतो, परंतु सुरक्षेचा अडसर निघून जातो. म्हणून अशी तपासणी बेरजेनंतर नव्हे, बेरजेपूर्वी करावी लागते : कप्प्यात जागा शिल्लक आहे का, हे आधी पाहून मगच मिळवणी.

काही भाषांनी निराळा मार्ग स्वीकारला आहे. 'पायथन' या भाषेत पूर्णांकाला मर्यादाच नाही. संख्या वाढेल तसे नवे कप्पे आपोआप जोडले जातात. किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागते. तिसरा मार्ग आपल्या परिचयाचा आहे. बहुतेक ग्लुकोमीटर रक्तशर्करा ६०० च्या वर गेली की आकडा न दाखविता 'हाय' एवढेच दाखवितात. 'मला यापुढे मोजता येत नाही' असे सांगणारे यंत्र प्रामाणिक म्हटले पाहिजे.

दुभाष्याची आणखी एक अडचण आपल्या सीमाभागाला लगेच कळेल. मराठीत आपण 'त्र्याण्णव' म्हणतो, म्हणजे आधी तीन, मग नव्वद. तेलुगूत 'तोंभै मूडु', म्हणजे आधी नव्वद, मग तीन. प्रोसेसरांतही असेच दोन संप्रदाय आहेत. काही मोठ्या संख्येचा लहान भाग आधी साठवितात, काही मोठा भाग आधी. आपल्या नेहमीच्या संगणकांतील इंटेल घराण्याचे प्रोसेसर 'मराठी' पद्धतीचे, तर इंटरनेटवर संख्या पाठविण्याचा ठरलेला क्रम 'तेलुगू' पद्धतीचा. दोन यंत्रांनी क्रम आधी ठरवून घेतला नाही, तर ९३ चे ३९ व्हायला वेळ लागत नाही.

कापरेकरांची संख्या आणि आपली एक्सेल

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी संख्यांवर आयुष्यभर प्रेम केले. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगप्रसिद्ध आहे. डोंबिवलीच्या 'डेम्लो' या जुन्या नावावरून त्यांनी एका संख्यासमूहाचे नाव ठेवले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच.

ही संख्या एक्सेलमध्ये करून पाहावी. शेवटचे दोन अंक शून्य दिसतील : १२३४५६७८९८७६५४३००. कापरेकरांचा आरसा तडकतो! कारण असे की एक्सेल संख्या पूर्णांक म्हणून साठवीत नाही. दशांश अपूर्णांकांसाठी सोयीच्या, अंकांची संख्या ठरलेल्या पद्धतीने साठविते आणि पंधरा अंकांपलीकडे शून्ये लिहिते. त्या साठवणीत ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक बिनचूक राहीलच असे नाही.

याचा व्यवहारातील बोध मोलाचा आहे. सोळा आकडी कार्ड क्रमांक किंवा लांबलचक खाते क्रमांक एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकल्यास शेवटचे अंक निमूटपणे शून्य होतात. फाईल जतन केल्यावर ते परत मिळत नाहीत. क्रमांकाच्या आरंभीचे शून्यही गळून पडते. म्हणून रुग्णाचा नोंदणी क्रमांक, आधार क्रमांक, खाते क्रमांक हे 'मजकूर' म्हणूनच साठवावेत. ज्या संख्यांची बेरीज कधी करावयाची नाही, त्या मुळात संख्या नव्हेतच. ती नावे आहेत.

आठ बिटांचा बळी

आता ती नोंद, जिचा उल्लेख आरंभी केला. थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे संगणकनियंत्रित यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याचे सहा अपघात नोंदले गेले. रुग्णांना ठरविलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग मिळाला. त्यांपैकी १७ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकेतील याकिमा येथे घडलेल्या अपघाताचे मूळ शुद्ध अंकगणितात होते.

यंत्र सज्ज होत असताना आज्ञावली एका आठ बिटांच्या कप्प्यात प्रत्येक फेरीला एक मिळवीत असे. कप्प्यात शून्याखेरीज काहीही असेल तर अर्थ 'झोताच्या मार्गातील भाग जागेवर आहे का ते तपासा'. शून्य असेल तर अर्थ 'तपासण्याची गरज नाही'. परंतु २५५ नंतर एक मिळविला की आठ बिटांत शून्य येते. म्हणजे प्रत्येक २५६ व्या फेरीला, क्षणभरासाठी, तपासणी वगळली जाई. नेमक्या त्याच क्षणी तंत्रज्ञाने कळ दाबली. झोत पूर्ण शक्तीने सुटला. तो रुग्ण एप्रिलमध्ये दगावला. एक मिळविण्याऐवजी कप्प्यात प्रत्येक वेळी ठरावीक शून्येतर संख्या ठेवली असती, तर हे टळले असते. पूर्वीच्या यंत्रांत असे प्रसंग रोखणारे स्वतंत्र यांत्रिक अडसर होते. संगणकावर विसंबून या यंत्रात ते काढण्यात आले होते, हा त्याहून मोठा धडा.

पुढे काय?

मोठ्या संख्यांचे हे गणित आज प्रत्येकाच्या खिशात चालू आहे. आधारची पडताळणी किंवा बँकेशी होणारा सुरक्षित संवाद यांत २,०४८ बिटांच्या, म्हणजे सुमारे ६१७ अंकी, संख्या वापरल्या जातात. अशी एक संख्या बत्तीस कप्प्यांत मावते आणि अशा दोहोंचा शालेय पद्धतीने गुणाकार करण्यास १,०२४ लहान गुणाकार लागतात. आपण अंगठा उचलण्यापूर्वी हे सर्व पार पडते, हातचा न विसरता.

एक तारीख मात्र टिपून ठेवावी : १९ जानेवारी २०३८. अनेक यंत्रे १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद मोजून कालगणना करतात. जेथे ही मोजणी अजून बत्तीस बिटांच्या कप्प्यात आहे, तेथे भारतीय वेळेनुसार त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी कप्पा भरेल, आणि पुढच्या सेकंदाला यंत्राच्या दृष्टीने डिसेंबर १९०१ उजाडेल. नव्या संगणकांत ही मोजणी चौसष्ट बिटांत नेण्यात आली आहे. परंतु रुग्णालयातील उपकरणे पंधरा-वीस वर्षे वापरात राहतात. आज आपण ज्या बाळाला पहिली लस टोचतो, ते त्या दिवशी शाळेत जात असेल. त्याच्या लसीकरणाची नोंद, त्याच्या मात्रेचा पंप, त्याच्या तपासणीचा दिनांक बरोबर राहावा, यासाठी नवे उपकरण घेताना विक्रेत्यास 'याचे घड्याळ २०३८ नंतर चालेल काय?' हा एक प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

नाडी हाती घेतल्याशिवाय मॉनिटरवरील आकडा मानू नये, असे आपल्या शिक्षकांनी आपल्याला शिकविले. रुग्णाकडे पाहून न पटणारा आकडा पुन्हा मोजावा, हा नियम संगणकापूर्वीचा आहे आणि संगणकानंतरही राहील. हातचा धरण्याचे काम यंत्र करील. ताळा पाहण्याचे काम आपले.